डिझेल पडतं एकीकडे, निघतं भलतीकडेच: ट्रकच्या एका गळतीचा पूर्ण तपास

गाडी म्हणजे सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचा, कॉमन रेल पद्धतीचा (सगळ्या इंजेक्टरांना रेल नावाच्या एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं असा) मालवाहू ट्रक. तक्रारी तीन. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, बेल हाउसिंगच्या खाली जमिनीवर डिझेलचा डाग पडतो. आणि ॲव्हरेज घटलंय.

याआधी दुसरीकडे काम झालं होतं. डिझेल फिल्टर नवा टाकला होता, फिल्टरच्या आणि पंपाच्या बँजो बोल्टांचे (पाइपच्या टोकाचं गोल कडं धरून ठेवणाऱ्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वॉशर नवे घातले होते. थोडे दिवस डाग कमी झाला, मग होता तसा. त्यानंतर मिळालेला सल्ला असा की गळती मागून आहे, तेव्हा गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बघावं लागेल. आता क्रँकच्या सीलामागे इंजिन ऑइल असतं, डिझेल नसतं. तिथून डिझेल यायचं तर ते आधी ऑइलमध्ये मिसळलेलं हवं, आणि तसं असेल तर डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसणारच. डिपस्टिक काढून पाहिली. पातळी दोन खुणांच्या मध्ये, ऑइलला डिझेलचा वास नाही, बोटांत घासल्यावर चिकटपणा जसा हवा तसा. गिअरबॉक्स उतरवायचा विषय तिथेच संपला.

डाग डिझेलचाच आहे का, हेही एकदा पक्कं करून घ्यावं. बेल हाउसिंगच्या आसपास क्लचचं फ्लुइड, कूलंट, ऑइल यांतलं काहीही असू शकतं. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. डिझेलचा थेंब पसरत जातो, कागद तिथे पारदर्शक होतो आणि तासाभरानंतरही तेलकट राहतो. इंजिन ऑइल मधोमध काळपट डाग सोडतं, कूलंट वाळून रंगाची कड ठेवतं. वास सांगतोच, पण वर्कशॉपमध्ये दिवसभर डिझेलात काम केलेल्या नाकावर फार विसंबू नये.

तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या नाहीत

ॲव्हरेजचं गणित आधी करून टाकलं, कारण तिन्ही तक्रारी एका माळेत ओवल्या की तपास भरकटतो. डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे थेंब लहान पडतो. एक मिलिलिटरमध्ये साधारण ३० ते ३५ थेंब. सेकंदाला एक थेंब या वेगाने तासाला १०० मिलिलिटरच्या आसपास डिझेल जातं. भरलेला ट्रक रस्त्यावर तासाला २०–२५ लिटर डिझेल पितो असं धरलं तर ही गळती अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते. म्हणजे ठिबकणाऱ्या गळतीने ॲव्हरेज पडल्याचं ड्रायव्हरला जाणवूच शकत नाही. ते जाणवेल इतकी गळती असेल तर गाडीमागे रस्त्यावर ओली रेघ दिसेल. या गाडीत मागच्या एका चाकाचा ब्रेक धरत होता, ड्रम हात लावता येणार नाही इतका तापत होता. ॲव्हरेज तिथे जात होतं. तो विषय वेगळा, इथे पुढे येणार नाही.

राहिल्या दोन तक्रारी, आणि या दोघींचं मात्र नातं आहे.

डिझेलचा मार्ग आणि प्रत्येक टप्प्याचा स्वभाव

या ट्रकची रचना सर्रास आढळणारी आहे. टाकी चॅसीला बाजूला. तिथून डिझेल चॅसीवरच्या प्राथमिक फिल्टरला येतं. पाणी वेगळं करणारी वाटी आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) त्यालाच आहेत. पुढे हाय प्रेशर पंपाच्या पाठीला बसवलेला गिअरचा फीड पंप ते ओढतो आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला वर बसवलेल्या मुख्य फिल्टरकडे ढकलतो. मुख्य फिल्टरमधून स्टीलच्या पाइपने ते हाय प्रेशर पंपात, तिथून रेलमध्ये, रेलमधून इंजेक्टरांना. उरलेलं रिटर्न लाइनने परत टाकीत.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढणीचा. इंजिन चालू असताना इथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून चीर पडली तरी थेंब पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. फीड पंपापासून हाय प्रेशर पंपापर्यंतचा भाग ढकलणीचा, ५ बारच्या आसपास दाबाचा. इथे चीर असली तर इंजिन चालताना डिझेल बाहेर येतं. हाय प्रेशर पंपापासून पुढे आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालताना) ३००–४०० बार आणि लोडवर १६०० बारच्याही वर. तिथली गळती थेंबाची नसते, ती धुक्यासारखी फवारते आणि बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही. रिटर्न लाइनीत दाब जवळजवळ नसतो, तिथला पाझर आळशी.

इंजिन बंद झालं की हिशेब बदलतो. ढकलणीच्या भागातला दाब उतरतो. मुख्य फिल्टर आणि त्याचे पाइप टाकीतल्या डिझेलच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत, त्यामुळे त्यांच्यातलं डिझेल आपल्याच वजनाने टाकीकडे उतरायला बघतं. सगळं घट्ट असेल तर ते उतरू शकत नाही, कारण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. पाण्याने भरलेल्या नळीचं वरचं तोंड बोटाने दाबून धरलं की खालून पाणी पडत नाही, तसंच. बोट जरा उचललं की नळी रिकामी. इथे वर कुठे चीर असेल तर तीच बोटाचं उचलणं. गिअर पंपाच्या दातांमधल्या फटीतून आणि झिजलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (डिझेल उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेतून) डिझेल हळूहळू खाली सरकतं आणि रात्रभरात फिल्टरची वरची बाजू हवेने भरते.

म्हणजे एकच चीर चालताना डिझेल बाहेर टाकते आणि उभ्या गाडीत हवा आत घेते. दोन्ही तक्रारी त्या एका जागेवरून येऊ शकतात, अट एवढीच की ती जागा ढकलणीच्या भागात आणि टाकीच्या पातळीच्या वर असावी. शोधाची हद्द इथेच निम्म्याहून कमी झाली.

ड्रायव्हरला विचारलेल्या दोन प्रश्नांनी ती आणखी आखूड झाली. तासाभराच्या थांब्यानंतर गाडी कशी उठते? लगेच. टाकी भरलेली असताना सकाळी त्रास तेवढाच असतो का? नाही, कमी असतो. टाकी भरली की पातळी वर येते, खाली ओढणारा स्तंभ लहान होतो, डिझेल उतरायला जास्त वेळ लागतो. बॅटरी, सेल्फ किंवा हीटर ग्रिडचा (थंडीत इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या जाळीचा) दोष असता तर टाकीच्या पातळीशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

स्कॅनर आणि पारदर्शक नळी

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला सेल्फ मारतानाच स्कॅनर लावून रेल प्रेशर पाहिलं. कॉमन रेलमध्ये रेलचा दाब एका मर्यादेच्या वर गेल्याशिवाय कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडतच नाही. बहुतेक इंजिनांत ही मर्यादा २०० बारच्या आसपास असते. इथे दाब १२ सेकंद ५० बारच्या खालीच घुटमळला, मग एकदम चढला आणि इंजिन उठलं. हाय प्रेशर पंप किंवा इंजेक्टर झिजले असते तर दाब हळूहळू चढता दिसला असता आणि गरम इंजिनावरही अडचण आली असती. आधी काहीच नाही आणि मग एकदम, याचा अर्थ पंपाला इतका वेळ डिझेलऐवजी हवाच मिळत होती.

फीड पंपाच्या आधी, ओढणीच्या लाइनीत डिझेलला चालणारी पारदर्शक नळी जोडली. स्टार्ट झाल्यानंतर तिथे बुडबुडा नाही. हे महत्त्वाचं. ओढणीच्या भागात चीर असती तर इंजिन चालू असेपर्यंत बुडबुडे येतच राहिले असते. फिल्टरच्या डोक्यावरून टाकीकडे परतणाऱ्या बारीक लाइनीत मात्र पहिलं मिनिटभर बुडबुड्यांची रांग दिसली आणि मग ती थांबली. रात्री आत शिरलेली हवा बाहेर पडली, नवी येत नव्हती. पारदर्शक नळी पाहताना एक सावधगिरी: इंजेक्टरांकडून येणाऱ्या गरम रिटर्नमध्ये बारीक फेस नेहमीच असतो, तो पाहून हवा घेतेय असं ठरवू नये.

गेज लावून दाब किती टिकतो हे पाहायचा मोह इथे होतो. या रचनेत त्याचा उपयोग नाही. फिल्टरच्या डोक्यातल्या बारीक छिद्रातून आणि हाय प्रेशर पंपाच्या वंगणाच्या वाटेने दाब तसाही उतरतो, चीर असो वा नसो. ती सगळी तोंडं बंद करून चाचणी घेता येते, पण तेवढ्या वेळात गळती डोळ्यांनी सापडते.

धुवा, वाळवा, मग शोधा

ओल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे निव्वळ अंदाज. डिझेल पातळ आणि पसरट, धातूच्या पृष्ठभागावरून वर, आडवं, कुठेही सरकतं. त्यात ट्रकचं इंजिन मागच्या बाजूला काही अंश उतरतं बसवलेलं असतं, म्हणजे गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टची रेघ जुळते. वरून पंख्याचा वारा मागे ढकलतो. म्हणून डावीकडे पुढे कुठेही गळलं तरी डाग बेल हाउसिंगखालीच पडणार. सगळ्यात खालचा थेंब कुठे आहे ते विसरून सगळ्यात वरची ओल शोधायची.

इंजिन थंड असताना डीग्रीझर मारला, दहा मिनिटं ठेवला, ब्रशने घासला आणि कमी दाबाच्या पाण्याने धुतला. कंट्रोल युनिटचे कनेक्टर, अल्टरनेटर आणि एअर इनटेक आधी प्लॅस्टिकने झाकले होते. प्रेशर वॉशरचा झोत कनेक्टरवर किंवा पंपाच्या सीलवर मारला की एका गळतीच्या जागी दोन नवे दोष जन्माला येतात. मग कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक खाच, प्रत्येक बोल्टाचं डोकं वाळवलं. बँजोच्या खाली आणि ब्रॅकेटच्या मागे पाणी दडून राहतं, तिथे जास्त वेळ दिला.

वाळल्यावर संशयाच्या सगळ्या जोडांवर पांढऱ्या पावडरचा पातळ थर बसवला. क्रॅक शोधायच्या किटमधला डेव्हलपर स्प्रे सर्वात चांगला, तो नसेल तर टाल्कम पावडर ब्रशने भुरभुरवली तरी काम होतं. थर पातळ हवा. जाड थर थोडं डिझेल पिऊन घेतो आणि बाहेरून कोराच दिसतो. अतिनील दिव्यात चमकणारा डायही वापरता येतो, पण त्यासाठी आधीचं सगळं ओलं डिझेल निघालेलं हवं, नाहीतर जुने ओघळही नव्यासारखेच चमकतात.

आयडलला १५ मिनिटं काही नाही. सगळीकडे पांढरं.

बरेच तपास इथे सुटतात आणि गाडी ठीक आहे म्हणून परत जाते. या ट्रकमध्ये ओल दिसली ती १५०० आरपीएमला रेस धरल्यावर, चारेक मिनिटांनी. मुख्य फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या सर्वात खालच्या वळणावर पावडर राखाडी झाली आणि तिथे थेंब लोंबला. तो ब्लॉकच्या कडेवर पडला, कडेकडेने मागे सरकला. पहिल्या नजरेला वाटावं की पाइप वळणावरच फुटलाय. तो थेंब पुसला, पुन्हा पावडर मारली आणि आरसा पाइपच्या खालून वर नेला. वळणापासून वर, पाइपच्या पोटाला चिकटून, दोरीएवढी ओली रेघ होती. ती फिल्टरच्या बँजोपर्यंत जात होती. बँजोचे दोन्ही वॉशर मात्र कोरडे ठणठणीत, त्यांच्या कडेची पावडर शाबूत. ओल सुरू होत होती ती बँजोच्या कड्याला पाइप जिथे ब्रेझ केलेला (पितळेसारखा धातू वितळवून जोडलेला) असतो त्या सांध्यातून, खालच्या अंगाला, ब्लॉककडे तोंड असलेल्या बाजूला. वरून पाहणाऱ्याला ती जागा दिसतच नाही.

आधीच्या दुरुस्तीत वॉशर का बदलले गेले आणि त्याने काही दिवस फरक का पडला, हेही यातून कळतं. बोल्ट सैल करून पुन्हा आवळताना पाइप किंचित फिरला, चीर दाबली गेली, आणि पुन्हा उघडायला थोडे दिवस लागले. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे गोल झाले होते, म्हणजे लांब पाना लावून जोर काढला होता. तांब्याचा वॉशर मऊ असतो, त्याला जोर लागत नाही, स्वच्छ सपाट बैठक लागते. जास्त आवळल्याने वॉशर पसरून पातळ होतो, बोल्टाचा पोकळ दांडा ताणला जातो आणि ब्रेझच्या सांध्यावर पीळ बसतो.

या सगळ्या काळात हाताबद्दल एक नियम. कॉमन रेलच्या हाय प्रेशर बाजूला चालत्या इंजिनावर बोट फिरवून ओल शोधायची नाही, हातमोजा घालूनही नाही. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आत ऊतक मरत जातं. अशा वेळी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि दाबाखालचं डिझेल शरीरात गेलंय हे शब्दांत सांगायचं. उद्यावर ढकललं तर बोट, कधी हात जाऊ शकतो. शोधायचं ते लांबून धरलेल्या पुठ्ठ्याने. इंजिन बंद केल्यावर स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याजवळ आल्याशिवाय, स्कॅनर नसेल तर किमान १० मिनिटं थांबल्याशिवाय, पाना लावायचा नाही. आगीचा धोकाही कमी लेखू नये. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही खरं, पण साधारण २५० अंश सेल्सियसच्या तापलेल्या धातूवर ते ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, आणि लोडवर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ५०० अंशांच्या घरात जातो. या इंजिनात एक्झॉस्ट उजवीकडे आहे, गळती डावीकडे होती, म्हणून निभावलं.

पाइप बाहेर, चीर उघड

पाइप काढायच्या आधी दोन्ही टोकांचा परिसर पुन्हा हवेने साफ केला. हा पाइप मुख्य फिल्टरच्या पुढचा आहे. इथे आत गेलेला कण थेट पंपात आणि इंजेक्टरात जातो, मध्ये अडवणारं काही नाही. इंजेक्टरमधल्या फटी २–३ मायक्रॉनच्या असतात, केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या घरातली. पाइप निघाल्याबरोबर फिल्टर आणि पंप दोन्हींच्या तोंडांना स्वच्छ प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्या. फडकं कोंबायचं नाही, त्याचे धागे आत राहतात.

काढलेल्या पाइपचं एक टोक बंद करून दुसऱ्यातून ३ बार हवा दिली आणि तो पाण्याच्या परातीत धरला. ब्रेझच्या कडेला, परिघाच्या सुमारे एक तृतीयांश भागातून बारीक बुडबुड्यांची पडदी उठली. हाताने पाइप किंचित वाकवला की बुडबुडे वाढत, उलट्या बाजूला वाकवला की थांबत. आयडलला कोरडं आणि रेसला ओलं का, याचं उत्तर याच हालचालीत होतं.

खरी गोष्ट पाइपच्या मधोमध होती. तिथे बोटभर रुंदीचं चकचकीत कडं दिसत होतं, रंग घासून गेलेला, बाकी पाइप मळकट. म्हणजे पूर्वी तिथे रबर लावलेली पी-क्लिप (पाइप ब्रॅकेटला धरून ठेवणारी पट्टी) होती आणि आता नव्हती. समोर इनटेक मॅनिफोल्डच्या ब्रॅकेटमध्ये तिचं रिकामं भोक होतं. कुठल्यातरी जुन्या कामात ती क्लिप काढली गेली आणि परत बसवली गेली नाही.

एका क्लिपचं इतकं काय? सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेट घेतं. २००० आरपीएमला हे सेकंदाला १०० धक्के झाले, तासाला ३ लाख ६० हजार. १ कोटी धक्के २८ तासांत पुरे होतात. क्लिप असताना पाइपचे दोन लहान तुकडे वेगवेगळे थरथरतात आणि त्यांची थरथर या वेगाच्या वर राहते. क्लिप गेली की पूर्ण लांबीचा पाइप एकच तार होतो, त्याची स्वतःची थरथर इंजिनाच्या वेगाच्या पट्ट्यात येते आणि सगळा ताण दोन्ही टोकांच्या ताठ सांध्यांवर जाऊन बसतो. ब्रेझ करताना तापलेली पट्टी तशीही बाकी पाइपपेक्षा मऊ पडलेली असते. चीर तिथेच पडणार होती.

म्हणून नुसता नवा पाइप टाकला असता तर काही काळाने तोही त्याच जागी फुटला असता.

दुरुस्ती

जुन्या पाइपला पुन्हा ब्रेझ मारायचा पर्याय नाकारला. तापवल्यावर पाइपच्या आत काळी खपली धरते, ती नंतर सुटते आणि हा पाइप फिल्टरच्या पुढचा असल्याने सरळ पंपात जाते. नवा पाइप, चार नवे तांब्याचे वॉशर, एक रबरी अस्तराची पी-क्लिप आणि कोपरे गोल झालेल्या बोल्टाऐवजी नवा बँजो बोल्ट, एवढंच सामान लागलं. जुना वॉशर लाल तापवून पाण्यात विझवला की तो पुन्हा मऊ होतो हे खरं आहे, आडरानात अडकलेल्या गाडीला ते चालूनही जातं. पण त्याच्यावरची काजळी घासून काढावी लागते, आणि नवा वॉशर हाताशी असताना फिल्टरपुढच्या जोडावर तो खेळ करू नये.

बैठकी बिनधाग्याच्या कापडाने पुसल्या आणि नखाने तपासल्या. नख अडलं तर तिथे ओरखडा आहे, आणि ओरखड्यावर कितीही वॉशर बदलले तरी पाझर राहतो. इथे बैठकी ठीक होत्या.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही टोकांचे बोल्ट बोटांनी लावले, मग क्लिपचा बोल्ट बोटांनी. पाइप तिन्ही ठिकाणी आपसूक बसतो का पाहिलं. ओढून, वाकवून जागेवर आणावा लागत असेल तर तो पाइप चुकीचा आहे किंवा ब्रॅकेट वाकलेलं आहे. तसाच आवळला तर तो पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो. सगळं सैल असताना जुळल्यावर दोन्ही टोकं टॉर्क पान्याने, इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळली. बँजोचं कडं बोल्टाबरोबर फिरू नये म्हणून पाइप दुसऱ्या हाताने धरून ठेवला. क्लिप सगळ्यात शेवटी. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून बैठकीपर्यंत पेंट मार्करची रेघ ओढली, पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

प्राथमिक फिल्टरच्या हँड प्रायमरमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही तपासला. वाटी भरून प्रायमर दाबून सोडला तर डिझेल टाकीकडे परत जात होतं. चीर नसती तर एकट्या या झिजलेल्या व्हॉल्व्हने फारसं बिघडलं नसतं, पण चीर असताना रात्रीचा उतार यानेच वेगवान केला होता. प्रायमरचा तो भाग बदलला.

एअर काढण्यासाठी हँड प्रायमर कडक लागेपर्यंत मारला, मुख्य फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुड्याशिवाय डिझेल येईपर्यंत थांबलो, मग स्क्रू बंद करून पुन्हा कडक होईस्तोवर प्रायमर. जुन्या इंजिनांत इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारायची सवय असते. कॉमन रेलला ते अजिबात करायचं नाही. त्याची गरजही नसते, हाय प्रेशर बाजूची हवा इंजिन स्वतः रिटर्नमधून बाहेर काढतं. सेल्फ एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, दोन प्रयत्नांत किमान २ मिनिटांचं अंतर, नाहीतर स्टार्टर जळतो.

रस्त्यावरचे उपाय

अशा गळतीवर वाटेत जे उपाय होतात त्यांतले काही निरुपद्रवी असतात, काही पुढे महागात पडतात. टाकीच्या शिवणीतून पाझर असेल तर साबणाची वडी घासून भरणं गॅरेजपर्यंत पोचायला पुरतं, कारण साबण डिझेलमध्ये सहज विरघळत नाही. तोच उपाय ५ बारच्या पाइपवर टिकत नाही. दोन भाग मळून लावायची इपॉक्सी डिझेलने ओल्या धातूला धरतच नाही. पाइप पूर्ण कोरडा आणि घासलेला असेल तर थोडा वेळ धरते, थरथरीने पुन्हा सुटते.

पाइप कापून मध्ये रबरी नळी घालणं सगळ्यात जास्त दिसतं. रेडिएटरची किंवा पाण्याची नळी घातली तर डिझेलने ती फुगते, मऊ पडते आणि आतून तिचे तुकडे सुटतात. फिल्टरच्या आधी हे एकवेळ निभावतं, फिल्टरच्या पुढे ते तुकडे पंप खातो. टेफ्लॉन टेपचंही तसंच. बँजोला आणि फ्लेअरच्या (पाइपचं तोंड पसरून बसवलेल्या) जोडाला टेपची जागाच नाही, तिथे धातू धातूवर किंवा वॉशरवर बसतो, आटे फक्त दाबण्यासाठी असतात. गुंडाळलेल्या टेपचा एक धागा आत गेला की इंजेक्टर अडकू शकतो. खोलायच्या वेळी आट्यावर टेप सापडली, तर पुढचं तोंडही उघडून आत पाहावं.

हाती घेतलंच आहे तर

डिझेल जिथे जिथे ओघळलं होतं तिथलं रबर तपासलं. कूलंटच्या नळ्यांचं आणि इंजिन माउंटिंगचं रबर डिझेलला टिकणारं नसतं, ते फुगून स्पंजासारखं होतं. डाव्या बाजूच्या मागच्या माउंटिंगवर अंगठा दाबला तर खड्डा पडत होता, ते बदललं. बेल हाउसिंगच्या तपासणी झाकणातून आत पाहिलं. क्लच प्लेटपर्यंत डिझेल गेलं नव्हतं. गेलं असतं तर चढावर क्लच सरकण्याची तक्रार आली असती आणि गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागला असता. वायरिंगच्या भिजलेल्या जोडण्या उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या. बाकीच्या सगळ्या पाइपांच्या क्लिपा हाताने हलवून पाहिल्या. रिटर्न लाइनीची एक ढिली मिळाली, तिचं रबर झिजून पत्रा पाइपला लागायला सुरुवात झाली होती. तीही बदलली.

खात्री

नव्याने पावडर मारून आयडलला १५ मिनिटं, १५०० आरपीएमला १० मिनिटं, २००० ला ५ मिनिटं. नव्या पाइपवर, दोन्ही बँजोंवर पावडर कोरी. त्यानंतर माल भरून तासभर चढउताराच्या रस्त्यावर फेरी, येताच इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा आरसा. गरम इंजिन उभं राहिलं की काही मिनिटं त्याचं तापमान आणखी चढतं आणि सैल जोड तेव्हा उघडे पडतात. तेव्हाही कोरडं.

रात्री गाडी मुद्दाम पाव टाकीवर उभी केली, कारण भरलेल्या टाकीने दोष झाकला असता. खाली कोरा पुठ्ठा पसरला. सकाळी स्कॅनर लावून सेल्फ मारला, दोन सेकंदांत रेल प्रेशर मर्यादेच्या वर गेलं आणि इंजिन उठलं. परतीच्या बारीक लाइनीत एकही बुडबुडा नव्हता, पुठ्ठ्यावर डाग नव्हता. काही दिवस चालल्यानंतर बोल्टांवरच्या रेघा पाहायला गाडी परत बोलावली. सगळ्या एकसंध होत्या, पुन्हा आवळायची गरज पडली नाही.